गोल्फ कोर्स फोटोवरून निवडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत समुद्रकाठच्या गोल्फ सहलींच्या याद्या झळकू लागतात. निळे पाणी, हिरवेगार गवत, कड्याच्या टोकावर एक झेंडा आणि खाली सहा-सात परदेशी कोर्सची नावे. साताऱ्या-सांगलीकडे गोल्फ खेळते तरी कोण, असे कुणी विचारील. खेळतात. लष्करातून निवृत्त होऊन गावी परतलेल्या अनेकांनी छावणीच्या कोर्सवर हा खेळ उचललेला असतो, पुण्यात नोकरी-व्यवसाय असलेले शनिवार-रविवार तिकडेच खेळून येतात आणि आता त्यांची मुलेही खेळू लागली आहेत. वर्षातून एकदा चार-सहा जण मिळून समुद्राकाठी जायचे ठरवतात तेव्हा या याद्यांचा त्यांना काडीचा उपयोग होत नाही. कोर्सचे नाव ही निवडीतली शेवटची गोष्ट आहे. त्याआधी महिना, वारा, गवत आणि आपला खेळ, या क्रमाने पाहावे लागते. हे कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. लांबले आहे, पण विषयच तसा आहे.

महिन्यापासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात. थायलंड म्हणजे सगळीकडे एकच हवा, असे धरून दिवाळीत तिकिटे काढली जातात. फुकेत अंदमान समुद्राच्या बाजूला आहे आणि तिथला पाऊस आपल्यासारखाच नैर्ऋत्य मोसमी, मे ते ऑक्टोबर. हुआ हिन आखाताच्या बाजूला, डोंगररांगेच्या आड आहे. महाबळेश्वर भिजत असताना माण-खटाव कोरडे राहावे तसा हा प्रकार. त्यामुळे मे ते जुलै या काळात हुआ हिनला बऱ्यापैकी खेळता येते, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथला खरा पाऊस पडतो. म्हणजे दिवाळी ऑक्टोबरात आली तर दोन्हीकडे जोखीम असते, नोव्हेंबरच्या मध्याकडे सरकली तर फुकेत बरे. कोह सामुईला नोव्हेंबरात अजिबात जाऊ नये. व्हिएतनाममधले दा नांग सप्टेंबर ते डिसेंबर भिजते, फेब्रुवारी ते ऑगस्ट कोरडे असते. मे महिन्याच्या सुट्टीत ते चांगले, मात्र दहा वाजल्यानंतर ऊन सोसवत नाही.

दुबई-अबुधाबीत नोव्हेंबर ते मार्च हा खरा हंगाम. ऑक्टोबरात दर थोडे उतरलेले दिसतात, पण त्याच सुमारास काही कोर्सवर हिवाळ्यासाठी राय गवताचे बी टाकलेले असते. मग बगी (मैदानावर फिरायची छोटी गाडी) फेअरवेवर (चेंडू मारत जायच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) नेता येत नाही, ग्रीनवर (झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) चेंडू मंद जातो आणि कधी अर्धा कोर्स बंदही असतो. पोर्तुगालचा अल्गार्व्ह, स्पेनचा कोस्टा देल सोल आणि तुर्कस्तानातले बेलेक यांना मार्च ते मे आणि मध्य सप्टेंबर ते नोव्हेंबरची सुरुवात हे महिने मानवतात. नाताळात तिकडे ऊन असते, पण पाऊसही असतो आणि दिवस जेमतेम साडेनऊ तासांचा. दुपारचा टी-टाइम (खेळ सुरू करायची ठरवलेली वेळ) घेतला तर अठरा होलांच्या फेरीतले शेवटचे होल अंधारात जातात. मॉरिशस दक्षिण गोलार्धात आहे. तिथे आपला पावसाळा म्हणजे थंड, कोरडा मोसम आणि जानेवारी ते मार्च वादळांचा काळ. कारखान्याचा गळीत हंगाम आणि हळदीचे सौदे आटोपल्यावरच ज्यांना सवड मिळते, त्या सांगलीकरांना जून-जुलैच हाती उरतात. त्यांनी मॉरिशस, दा नांग किंवा हुआ हिन यांतून निवडावे.

आता वारा. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळेच शिकलो, पण टी-टाइम घेताना ते कुणाला आठवत नाही. सकाळी समुद्रकाठी हवा जवळपास थांबलेली असते. जमीन तापू लागली की साधारण दहा-साडेदहाच्या पुढे समुद्रावरून वारा सुटतो, दुपारी दोन ते चार तो जोरात असतो आणि सूर्य कलल्यावर उतरतो. त्यामुळे सकाळी सातचा आणि दुपारी एकचा टी-टाइम म्हणजे कागदावर एकच कोर्स, प्रत्यक्षात दोन वेगळे. ढोबळ हिशेब असा, की समोरून ताशी १६ किलोमीटर वारा असेल तर १५० यार्डांचा फटका १६५ यार्डांचा समजून खेळावा. तोच वारा पाठीमागून असेल तर मात्र १५ यार्ड मिळत नाहीत, सात-आठच मिळतात. वारा जेवढे घेतो तेवढे परत देत नाही. आणि समोरच्या वाऱ्यात जोर काढून मारले की चेंडूला उलटी फिरकी जास्त बसते, तो वर चढतो आणि आणखी आखूड पडतो. एक-दोन नंबर कमी, म्हणजे जास्त लांब मारणारी आयर्न (लोखंडी डोक्याचा क्लब) घेऊन, चेंडू उजव्या पायाकडे थोडा सरकवून, पाऊण स्विंगने मारावे.

यात आपल्याकडच्या खेळाडूंना आणखी एक फरक जाणवतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, सातारा सुमारे ७०० मीटरवर. इतक्या उंचीवर हवा विरळ असल्याने चेंडू दोन ते अडीच टक्के लांब जातो. समुद्रकाठी गेल्यावर १५० यार्डांचा फटका तीन-चार यार्ड आखूड पडतो. एवढ्याने जग बुडत नाही, पण ग्रीनच्या तोंडाशी पाणी असेल तर तेच तीन यार्ड चेंडू बुडवतात. ‘समुद्राची दमट हवा जड असते म्हणून चेंडू जात नाही’ हे मात्र खरे नाही. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकीच असते. चेंडू जात नाही याचे कारण कमी उंची, समोरचा वारा आणि मऊ फेअरवेवर न मिळणारा घरंगळ.

मॉरिशसमध्ये बाजू फार महत्त्वाची. जून ते सप्टेंबर आग्नेय व्यापारी वारे जोरात असतात आणि ते थेट पूर्व किनाऱ्यावर येतात. इल ओ सेर्फ हा बर्नहार्ड लांगरने आखलेला प्रसिद्ध कोर्स त्याच किनाऱ्यालगतच्या बेटावर आहे. पाणी आणि खारफुटी इतकी, की वाऱ्याच्या दिवशी वीस हँडीकॅपचा, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण वीस जास्त घेणारा माणूस डझनभर चेंडू सहज घालवतो. शिवाय नावेतून जावे-यावे लागते, तो वेळ वेगळा. तामारिनकडचा पश्चिम किनारा डोंगरांच्या आडोशाला असतो. त्या महिन्यांत मुक्काम तिकडे ठेवावा आणि बेटावर एक दिवस, सकाळच्या पहिल्या नावेने जावे. श्रीलंकेतल्या हंबनटोटाला पाऊस कमी, पण मे ते सप्टेंबर वारा भरपूर. स्पेनच्या सोटोग्रांदे भागात पूर्वेचा लेवांते आणि पश्चिमेचा पोनिएंते असे दोन वारे आलटून-पालटून असतात. काल पाठीशी असलेला वारा आज तोंडावर येतो आणि तोच होल दोन दिवसांत दोन वेगळ्या क्लबांनी खेळावा लागतो.

समुद्रकाठच्या गावातला प्रत्येक कोर्स समुद्रकाठी नसतो, हेही लक्षात घ्यावे. फुकेतचे नावाजलेले कोर्स बहुतेक आतल्या बाजूला आहेत. टायगर वुड्सने १९९८ मध्ये जिथे जॉनी वॉकर क्लासिक जिंकली तो ब्लू कॅन्यन आणि डोंगरातला रेड माउंटन हे दोन्ही कथिलाच्या जुन्या खाणींच्या जागेवर आहेत. हुआ हिनचा ब्लॅक माउंटनही टेकड्यांच्या पायथ्याशी आहे. १९९७ चा रायडर कप (युरोप-अमेरिका सांघिक स्पर्धा) झालेला स्पेनचा वाल्देरामा समुद्रापासून आत, बुचाच्या ओक झाडांमधून अरुंद गल्ल्या काढल्यासारखा. नाव मोठे म्हणून तिथे गेलेला साधा खेळाडू दिवसभर झाडांतून चेंडू बाहेर काढत बसतो. हे कोर्स वाईट नाहीत, उलट वाऱ्याच्या मोसमात हेच आतले कोर्स सोयीचे पडतात. समुद्र दिसेल या आशेने मात्र जाऊ नये. उलट बाजूला अल्गार्व्हमधल्या व्हाले दो लोबोच्या रॉयल कोर्सचा सोळावा होल. कड्यांच्या घळींवरून समुद्राच्या कडेने मारायचा पार-तीन, म्हणजे तीन फटक्यांत पुरा व्हावा असा धरलेला. त्याचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण तो एक होल झाला. बाकीचे सतरा कसे आहेत, हे फोटो सांगत नाही.

ते कळते कार्डावरून आणि उपग्रह नकाशावरून. एक संध्याकाळ यासाठी राखून ठेवावी. कोर्सच्या संकेतस्थळावर स्कोअरकार्ड असते, ते छापून घ्यावे आणि शेजारी मोबाइलवर उपग्रह नकाशा उघडावा. प्रत्येक होलसाठी टीपासून (पहिला फटका मारायच्या जागेपासून) ग्रीनपर्यंत कार्डावर बाण काढावा आणि समुद्र कुठल्या बाजूला आहे ते लिहावे. सातला सुरुवात केली तर नववा होल सव्वानऊच्या सुमारास आणि अठरावा साडेअकराच्या आत संपतो, म्हणजे वारा सुटतो तेव्हा आपण साधारण चौदाव्या-पंधराव्यावर असतो. त्या पाच होलांचे बाण समुद्राकडे असतील तर शेवट कष्टाचा होणार. मग हद्दीबाहेरची रेषा पाहावी. उजव्या हाताने खेळणाऱ्या बहुतेकांचा चेंडू चुकला की उजवीकडे वळतो. होलच्या उजव्या बाजूने बंगल्यांची रांग किंवा समुद्र असेल आणि वाराही डावीकडून असेल तर तो होल आधीच हरलेला. असे चार-पाच होल निघाले तर कोर्स बदलावा. नकाशावर अंतर मोजायची सोय असते. आपल्या टीपासून पाणी, दरी किंवा झुडपांवरून हवेतूनच पार करावे लागणारे अंतर १३० यार्डांपेक्षा जास्त आहे असे होल किती, आणि ग्रीनच्या पुढ्यात पाणी असलेले किती, तेही मोजावे. चेंडू घरंगळत ग्रीनवर चढायला पुढून वाट आहे का, हे नकाशावर स्पष्ट दिसते. जोर कमी झालेल्या साठीच्या पुढच्या खेळाडूला ती वाट हवीच.

कार्डावर आणखी दोन आकडे असतात, कोर्स रेटिंग आणि स्लोप. यादी छापणारे ते गाळतात, खरी गोम मात्र त्यांतच असते. रेटिंग म्हणजे शून्य हँडीकॅपचा खेळाडू तिथे साधारण किती फटके घेईल तो आकडा. स्लोप म्हणजे तोच कोर्स मध्यम खेळाडूला त्याच्या मानाने किती जास्त जड जातो त्याचे माप. ते ५५ ते १५५ पर्यंत असते, ११३ हे प्रमाण धरलेले आहे. आपला हँडीकॅप इंडेक्स गुणिले स्लोप, भागिले ११३, आणि त्यात रेटिंगमधून पार वजा केलेला फरक मिळवायचा, की त्या टीवर मिळणाऱ्या सवलतीच्या फटक्यांचा आकडा निघतो. इंडेक्स १८ असलेल्याने ७२ पारच्या कोर्सवर, रेटिंग ७२.५ आणि स्लोप १३५ असलेल्या टीवरून खेळले तर त्याला २२ फटके मिळतात. त्याच कोर्सच्या पुढच्या टीवर रेटिंग ६९.८ आणि स्लोप १२६ असेल तर १८. चार फटके गेले म्हणून हळहळू नये. पुढच्या टीवरून चेंडू कमी हरवतात, दुसरा फटका आयर्नने मारता येतो आणि फेरी अर्ध्या तासाने आधी संपते.

टी कुठला घ्यावा याचा सोपा हिशेब आहे. पाच नंबरच्या आयर्नने आपण खरोखर जेवढे मारतो, उगाच फुगवून सांगतो तेवढे नव्हे, त्याला ३६ ने गुणावे. १५० यार्ड मारणाऱ्याला ५४०० यार्डांचा कोर्स पुरतो. आपल्याकडच्या लोकांना मागच्या टीची हौस फार. ‘एवढे पैसे भरलेत तर पूर्ण कोर्स खेळू’ म्हणायचे, नवव्या होलपर्यंत घामाघूम व्हायचे आणि पुढचे नऊ पाय ओढत पुरे करायचे. पैसे कोर्सचे भरलेले असतात, यार्डांचे नव्हे.

हँडीकॅपचा दाखला सोबत असावा. युरोपातल्या काही कोर्सवर तो मागतात आणि पुरुषांसाठी २८, स्त्रियांसाठी ३६ अशी मर्यादा अनेक ठिकाणी असते. इंडियन गोल्फ युनियनशी संलग्न क्लबच्या सदस्यत्वातून तो मिळतो. छावणीच्या कोर्सवर वर्षानुवर्षे खेळूनही ज्यांनी कार्डे भरून दिलेली नाहीत, त्यांनी सहलीच्या दोन-तीन महिने आधी ती भरायला घ्यावीत.

आता गवत. इकडे कोरड्या, कडक फेअरवेवर खेळायची सवय असते. काही जुन्या छावण्यांमध्ये तर ग्रीनऐवजी वाळू-तेलाचे ब्राउन असत. त्या सवयीचा माणूस समुद्रकाठी पहिल्या दिवशी बुचकळ्यात पडतो. किनाऱ्यावरच्या नव्या कोर्सवर बहुधा पास्पालम गवत असते, कारण ते खारट पाणी सोसते. त्याच्यावर चेंडू वर उचललेला बसतो, फेअरवेवरून मारायला छान. पण टीवरून मारलेला चेंडू पडतो तिथेच थांबतो, पंचवीस-तीस यार्डांचा घरंगळ मिळत नाही, म्हणून ६००० यार्डांचा कोर्स प्रत्यक्षात लांब वाटतो. ग्रीनजवळ चेंडू आपटून पळवायचा फटका इथे अडकतो. तो हवेतून ग्रीनवर टाकावा लागतो.

बर्म्युडा गवत असेल तर वेगळी गोष्ट. त्याची पाती एका दिशेने झोपलेली असतात आणि चेंडू त्या दिशेने ओढला जातो. चेंडूच्या मागे उभे राहून पाहावे. गवत चमकत असेल तर पाती होलकडे झुकलेली, चेंडू पळणार. काळपट दिसत असेल तर पाती आपल्याकडे, जोर वाढवावा. खात्री करायची असेल तर होलची कड पाहावी. एक बाजू कापल्यासारखी स्वच्छ आणि दुसरी विस्कटलेली, करपलेली असते. पाती त्या विस्कटलेल्या बाजूकडे वाढत असतात, कारण होल पाडताना त्यांची मुळे कापली गेलेली असतात. दोन मीटरच्या पटमध्ये (ग्रीनवर चेंडू घरंगळवायच्या फटक्यात) याने अर्ध्या होलच्या रुंदीचा फरक पडतो. कॅडीला (पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाला) हे पाठ असते, तो दाखवील तिथे मारावे आणि शंका काढू नये. वेजही (चेंडू उंच उचलणारा आखूड क्लब) पाहून न्यावी. मऊ वाळूच्या बंकरसाठी बारा-चौदा अंश बाउन्सची (क्लबच्या तळाच्या कोनाची) बरी, कडक जागेवर सहा-आठ अंशांची. आपल्या बॅगेत बहुधा दुसरीच असते.

बुकिंग करताना एक प्रश्न हटकून विचारावा, ग्रीन शेवटचे कधी भोकले? वर्षातून एक-दोनदा यंत्राने ग्रीनला बारीक भोके पाडून वाळू भरतात. ते गवतासाठी आवश्यक असते, पण पुढचे दोन-तीन आठवडे पट उडत जातात. दर तोच घेतात आणि विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

आठवड्यात किती फेऱ्या ठेवाव्यात? सात रात्रींसाठी चार पुरे. पॅकेजवाले सहा विकतात, ‘अमर्याद गोल्फ’ म्हणून तर रोज दोन. त्यातले दुसरे टी-टाइम सगळे भर दुपारचे, वाऱ्यातले असतात, हे बारीक अक्षरातसुद्धा छापलेले नसते. पहिल्या दिवशी प्रवासाचा शीण असतो, तेव्हा हॉटेलजवळचा सोपा कोर्स घ्यावा. मोठा, महाग कोर्स तिसऱ्या-चौथ्या दिवशी, अंगाला हवा सरावल्यावर. परतीच्या दिवशी खेळू नये. ओल्या पिशवीचे वजन वाढते आणि घाईत काही ना काही मागे राहते. चार फेऱ्यांसाठी चार कोर्स निवडण्यापेक्षा तीन निवडून त्यांतला एक दोनदा खेळावा, असे आमचे ठाम मत आहे. नवख्या कोर्सवर पहिली फेरी वाटा शोधण्यात जाते. कुठल्या बंकरच्या अलीकडे चेंडू ठेवायचा, कुठला ग्रीन मागे उतरतो, हे दुसऱ्या खेपेलाच कळते. बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या फेरीला सवलतही मिळते, मागावी लागते.

सोबत न खेळणारी मंडळी असतील तर हॉटेलपासून अर्ध्या तासाच्या आतलेच कोर्स घ्यावेत. येऊन-जाऊन तीन तास गाडीत आणि पाच तास कोर्सवर असे झाले, तर पुढच्या वर्षी घरातून परवानगी मिळणे कठीण. हुआ हिनचा रॉयल कोर्स १९२४ पासून रेल्वे स्टेशनला लागूनच आहे, गावातून पायी जाता येते. फार कठीणही नाही, पहिल्या दिवसासाठी उत्तम.

खर्चात ग्रीन फी हा एकच आकडा जाहिरातीत असतो. त्यात बगी-भाड्याचा वाटा, कॅडीची फी, कॅडीची बक्षिसी, भाड्याचे क्लब आणि गाडीभाडे मिळवून मगच दोन कोर्सची तुलना करावी, नाहीतर चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला होतो. थायलंडमध्ये कॅडी सक्तीचा असतो आणि बक्षिसी साधारण ३०० ते ५०० बात द्यायची रीत आहे. ती फीमध्ये धरलेली नसते. बगी सक्तीची असेल तर गटात विषम माणसे असल्यास शेवटच्याला पूर्ण बगीचे पैसे भरावे लागतात का, ते विचारावे. तिथे पाच-सहा जणांच्या गटालाही सोडतात, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी फेरी साडेपाच-सहा तासांची होते. मधल्या वारी जावे. अमिरातीत २०२२ पासून शुक्रवारी अर्धा दिवस आणि शनिवार-रविवार सुट्टी असते, तिथे सोमवार ते गुरुवार बरे. पावसाने खेळ थांबला तर किती होलांपर्यंत पैसे किंवा कूपन परत मिळते, हे लेखी घ्यावे. आकाशात विजा असल्याचा इशारा देणारा भोंगा वाजला की क्लब हातातून ठेवून निमूट आडोशाला जायचे. झाडाखाली नव्हे.

सामानाबद्दल थोडे. विमानात मोडतो तो बहुधा ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारायचा क्लब. त्याचे डोके पान्याने काढून कपड्यांत गुंडाळावे आणि पिशवीत ड्रायव्हरपेक्षा चार बोटे उंच असा मजबूत दांडा उभा ठेवावा, म्हणजे पिशवी डोक्यावर पडली तरी भार दांड्यावर येतो. विमानाचे कशाला, गाडीच्या डिकीत गोल्फची पिशवी खाली आणि वर चार बॅगा रचून खंबाटकी घाट उतरले तरी शाफ्टला चीर जाऊ शकते. पिशवी नेहमी सगळ्यात वर. अंतर मापकाच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानात ठेवाव्या लागतात, क्लब मात्र हातात नेऊ देत नाहीत. डझनभर चेंडूंचे वजन साडेपाचशे ग्रॅम, तेव्हा पाच डझन नेण्यापेक्षा दोन न्यावेत आणि कोर्सवर धुतलेले जुने विकत घ्यावेत, पाण्याच्या कोर्सवर ते स्वस्तात मिळतात. हातमोजे तीन तरी हवेत, घामाने भिजलेला बगीला लटकवून आळीपाळीने वापरायचे. उन्हाचे मलम तळव्याला लागले की पकड सुटते, तळवा टॉवेलने कोरडा पुसूनच क्लब धरावा. फेरीनंतर क्लब गोड्या पाण्याने धुऊन पुसावेत. मुलामा न चढवलेल्या पोलादाच्या वेजवर खारी हवा दोन दिवसांत गंज धरते. माणशी दोन लिटर पाणी आणि मीठ-साखर.

इतके लांब जायचे नसेल तर गोव्यात काणकोणजवळ राजबागला रिसॉर्टचा नऊ होलचा कोर्स आहे आणि विशाखापट्टणमला बंगालच्या उपसागराजवळ ईस्ट पॉइंटचा अठरा होलांचा. जाण्याआधी फोन करून किती होल चालू आहेत आणि बाहेरच्यांना कोणत्या वारी सोडतात, ते विचारून घ्यावे. समुद्राच्या वाऱ्याची पहिली ओळख करून घ्यायला परदेशी जायची गरज नाही.

संपादक महाशय, आपल्या पुरवणीत पुढच्या वेळी अशी यादी छापाल तेव्हा फोटो थोडा लहान करा आणि प्रत्येक कोर्सपुढे हे रकाने द्या: खेळण्याजोगे महिने, समुद्र किती दूर, मधल्या टीचे यार्ड, रेटिंग आणि स्लोप, गवत कोणते, कॅडी-बगी सक्तीचे की ऐच्छिक, आणि ग्रीन कोणत्या महिन्यात भोकतात. यातला शेवटचा रकाना कोर्सवाले आपणहून भरून देणार नाहीत. तो फोन करूनच भरावा लागेल.

आपले,
गोल्फ खेळणारे काही वाचक, सातारा